हत्तीछाप सोडली तेव्हा

लाऊडस्पीकरवाला म्हटलं की लोक गमती मागतात. कोणता पुढारी माईकवर शिंकला, कोणत्या लग्नात नवरीचं नाव चुकीचं पुकारलं गेलं, माईक चालू आहे हे विसरून कोण कुणाला काय बोललं. असल्या गोष्टी माझ्याकडे पोतंभर आहेत. केज, धारूर, अंबाजोगाई या पट्ट्यात पस्तीस वर्षं मी कर्णे बांधले. पण या वेळी लिहायला बसलो तर त्यातलं एकही लिहावंसं वाटेना. आठवत राहिली ती भीती. दुष्काळाच्या दोन वर्षांत ती पोटात शिरली, आणि धंदा बंद केला तरी अजून पूर्ण गेलेली नाही.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. लोकांना दिसतो तो माईक आणि कर्णा. खरं काम मधल्या पेटीचं. तिला ॲम्प्लिफायर म्हणतात, आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. माईकमधून आलेला बारीक आवाज तिथं मोठा होतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. मशीनला लागणारी वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत शिरते. ती वीज पेटीच्या पत्र्याला लागू नये म्हणून मध्ये कागदाचे आणि वार्निशचे थर असतात. थर फुटले की करंट पत्र्यात येतो, पत्र्यातून माईकच्या वायरीत, आणि तिथून बोलणाऱ्याच्या मुठीत. असं झालंच तर वीज माणसातून न जाता परस्पर जमिनीत जावी म्हणून अर्थिंग द्यायचं. म्हणजे एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, भोवती मीठ घालायचं आणि वरून बादलीभर पाणी ओतायचं. ओल्या मातीत वीज उतरते, कोरड्या मातीत उतरत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मी आयटीआयला वायरमनचं शिकलो होतो. आमच्या वस्तीनं वर्गणी काढून भीमजयंतीसाठी एक मशीन घेतलं आणि ते चालवायला माझ्याकडे दिलं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. मशीनच्या पुढच्या पट्टीवर सोंड वर केलेला हत्ती असायचा, म्हणून सगळे त्याला हत्तीछापच म्हणायचे. त्या मशीनचा आवाज काय सांगू! माणूस हळू बोलला तरी शब्द ऐकणाऱ्याच्या छातीत वाजायचा. त्याच आवाजावर माझा धंदा उभा राहिला. पुढं माझी स्वतःची मशीनं झाली, तीही सगळी हत्तीछाप. घरात गाणी ऐकायला डेक घेतला, तोही त्याच कंपनीचा. त्याची दोन लाकडी खोकी माझी बायको सुमन दर रविवारी पुसायची. दुसऱ्या कंपन्यांचे विक्रेते आले की मी त्यांना चहा पाजायचो आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचो. नारायणगडाकडचे एक कीर्तनकार महाराज तर तारीख देतानाच विचारायचे, "माईक कुणाचा? प्रल्हादचा असंल तर येतो." आमचे डीलर गुलाबशेठ यांनी कंपनीकडून मला पितळी हत्ती मिळवून दिला होता आणि माझा फोटो दुकानात गल्ल्याच्या मागं लावला होता. मला त्याचा अभिमान होता. आता वाटतं, जरा जास्तच होता.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी कंपनीचं नवं मॉडेल आलं. जुन्यापेक्षा हलकं. माझा भागीदार रहीमभाई टेम्पो चालवायचा आणि कर्णे बांधायला खांबावर चढायचा. त्यानं एका हातात मशीन उचललं आणि कपाळाला आठी घातली. "प्रल्हादभाई, इतना हलका कायकू है ये?" मी हसलो. वजन कमी झालं तर आपलीच कंबर वाचेल, असं म्हणालो. जुनी मशीनं देऊन मी तशी तीन घेतली.

पहिली खूण काल्याच्या कीर्तनात दिसली. सकाळची वेळ होती. महाराज अभंग सोडून मध्येच थांबले, ओठ पुसले आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. "प्रल्हाद, ओठाला मुंग्या आल्यावाणी होतंय रे."

"ऊन लागलं असंल महाराज," मी म्हणालो आणि माईकच्या जाळीवर लाल स्पंजची टोपी चढवली. मुंग्या थांबल्या. मी मशीनजवळ आलो आणि टेस्टर पत्र्याला टेकवला. आतला दिवा बारीक लाल पेटला.

रहीमभाईनं ते पाहिलं. "भाई, ये मशीन नक्को. मेरेकु डर लगरा."

दुसऱ्याच दिवशी मी गुलाबशेठकडे गेलो. ते मोठमोठ्यानं हसले. "अहो, टेस्टर काय, कुठल्याही मशीनवर लुकलुकतो. तुमचं अर्थिंग बघा आधी. आणि प्रल्हादराव, वीस वर्षं या धंद्यातला माणूस तुम्ही. तुम्हीच असं म्हणायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं?" मला तेच ऐकायचं होतं. भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघत मी चहा प्यायलो आणि परत आलो.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट गेलं. लग्नं पुढं ढकलली गेली. पण बैठका वाढल्या. साखर कारखान्याची बैठक, टँकरची बैठक, चाऱ्याची बैठक. आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. गावोगावची माणसं आपली गुरं घेऊन तिथंच राहायला आली होती. बांबूवर हिरवी जाळी टाकलेल्या लांबच लांब ओळी, शेणाचा वास, आणि दिवसभर उडणारी पांढरी धूळ. टँकर आला, चाऱ्याच्या पेंड्या वाटायला सुरुवात झाली, की पुकारायला माईक लागायचा. ते काम संस्थेच्या चेअरमननं मला दिलं.

पहिल्या दिवशी मी सळई ठोकली, मीठ घातलं आणि टाकीतून बादली भरून आणली. पाणी ओतायला लागलो तर मागून आवाज आला, "कामून रे भाऊ, मातीला पाजतूस व्हय पाणी?"

पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. अनुसयाबाई. धारूरच्या बाजूच्या गावातून दोन बैल आणि एक गाय घेऊन एकट्याच आल्या होत्या. मालक गेले होते, मुलगा ऊसतोडीला. रिकामी घागर काखेत होती.

"मावशी, करंट जमिनीत जायला लागतंय," मी म्हणालो.

"जमीन पिती, अन् माझी गाय सकाळपसून हंबरती."

त्यांच्या मागं आणखी सात-आठ बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. मी अर्धी बादली ओतली आणि उरलेली त्यांच्या घागरीत रिकामी केली. पुढच्या वेळी एक तांब्याच ओतला. त्याच्या पुढच्या वेळी नुसतं मीठ. बायांच्या डोळ्यांदेखत मातीला पाणी पाजायची मला लाज वाटायची, हे खरं. पण टेस्टर पेटतो हे मला माहीत होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी ठाऊक असून मी रोज मशीन चालू करत होतो. हत्तीछाप आहे, काही होणार नाही, असं मनाशी म्हणत होतो.

मग तो दिवस आला. एक मोठे पुढारी छावणी बघायला यायचे होते. धूळ उडू नये म्हणून चेअरमननं सकाळीच मंचापुढच्या जागेवर टँकरनं पाणी मारायला लावलं. बायाबापड्या त्या ओल्या जमिनीकडे बघत बसल्या होत्या. मंच लाकडी फळ्यांचा, वर सतरंजी. बूट घातलेले चार जण त्यावरून बोलले. माईक हातात धरून बोलले आणि कुणालाही काही झालं नाही. माझाही जीव सैल झाला.

शेवटी पुढारी म्हणाले, "छावणीतल्या एखाद्या भगिनीला बोलू द्या." बायांनी अनुसयाबाईंना पुढं ढकललं. त्यांचं ठरलेलं होतं. पेंड्या दिवसेंदिवस बारीक होत चालल्या होत्या, ते त्या सांगणार होत्या. मंचावर चढायला त्यांना संकोच वाटला, म्हणून चेअरमननं माईक खालीच दिला. त्या अनवाणी होत्या. पाय ओल्या चिखलात.

"माझं म्हननं यवढंच हाय की..." एवढंच त्या बोलल्या.

मग त्यांचा आवाज तुटला. कर्ण्यातून गुरगुर आली. माईक धरलेली मूठ छातीशी ओढली गेली, मान मागं गेली, डोळे वर. हात सुटत नव्हता. लोक पाहत होते, कुणाला काही कळत नव्हतं. मला कळलं. माझी सळई मागं कोरड्या मातीत होती, आणि बाईंचे पाय ओल्यात. मशीन मंचाच्या मागं होतं, तिथून बोर्ड सहा पावलांवर. ती सहा पावलं मी कशी गेलो आठवत नाही. वायरीला धरून प्लग उपसला. कर्णा बंद पडला आणि अनुसयाबाई खाली बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. माईक चिखलात पडला.

मग मागून कुणीतरी हसलं. "बाईमानूस भ्यालं की रं!" हशा पसरला. चेअरमन हसत म्हणाले, "बसा बाई, बसा. सवय नसती, होतं असं." मग माझ्याकडे वळले. "अन् तुझ्या माईकला काय झालं रे?"

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. सगळ्यांचे कान माझ्याकडेच होते.

"वायर ढिली झाली साहेब," मी म्हणालो.

छावणीवर जनावरांचे डॉक्टर होते, त्यांनीच बाईंच्या तळहाताला मलम लावलं. तळव्यावर आडवा पांढरा चट्टा उमटला होता. ऊन उतरल्यावर मी त्यांच्या ओळीत गेलो. त्या गाईला टेकून बसल्या होत्या, चेहरा पिठासारखा. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला वाटलं परान गेला. सगळं अंग आतून कुनी तरी पिळलं. भाषन म्हंजी असं असतंय व्हय रे भाऊ? तुमी लोक रोज कसं बोलता?"

खरं सांगायचं सोडून मी गाईपुढची पेंडी जवळ सरकवली.

"माझ्यातच दम न्हाई," त्या म्हणाल्या. "बायांनी कौतिकानं पुढं केलं, अन् मी असं केलं."

घरी आलो. तिन्ही मशीनं बाजेवर मांडली आणि उघडली. जुन्या मॉडेलचं एक भंगार मशीन माळ्यावर होतं, तेही खाली काढलं. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेच्या आणि लोखंडाच्या मध्ये जाड तपकिरी कागदाचे थर होते, वार्निशमध्ये बुडवून घट्ट झालेले. नव्यात लोखंड आणि तांबं कमी, आणि कागदाच्या जागी प्लास्टिकची पातळ पट्टी. उन्हानं आणि मशीनच्या उष्णतेनं ती आक्रसून तडकली होती. बोटानं दाबली तशी पापडासारखी तुटली. तिन्ही मशीनमध्ये तेच. रहीमभाईच्या हाताला जे हलकं लागलं होतं, ते हे. पेटीतून कंपनीनं माणसाचा जीव राखणारा थर काढून घेतला होता आणि मी वजन कमी झालं म्हणून खूश झालो होतो.

त्या दिवसापासून मला भीती लागली. गुलाबशेठला सांगितलं, कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं की मशीन परस्पर उघडल्यामुळे कंपनीची जबाबदारी संपली आहे. घरचा डेक मी बंद केला. सुमनला त्याला हात लावू दिला नाही. कोणतीही धातूची वस्तू उचलायच्या आधी मी हाताची मागची बाजू टेकवायला लागलो. करंट असला तर मूठ मिटते, मागची बाजू मात्र झटकली जाते, म्हणून वायरमन तसं करतात. पण मी घरात पाण्याच्या हंड्यालाही तसाच हात लावायचो. सुमन म्हणायची, "आवो, हंडा हाय त्यो." सभेत मंचावर कोण आलंय ते मी बघेनासा झालो. अनवाणी कोण आहे तेवढंच दिसायचं.

निळ्या पट्टीच्या मशीनच्या कंपनीचा विक्रेता पूर्वी दोनदा माझ्याकडून चहा पिऊन परत गेला होता. या वेळी मीच त्याला बोलावलं. त्याच्यासमोर मशीन उघडलं, ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला, थर मोजले, टेस्टर लावला. थर चांगले जाड होते. मशीन जड होतं, इतकं की उचलताना रहीमभाई "या अल्ला" म्हणाला. मग मी ते वाजवलं आणि खाली बसलो. आवाज पातळ, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. वीस वर्षं कानात बसलेला तो भरदार सूर त्यात कुठंच नव्हता. मला वाटलं, आपल्याच घरात कुणी परका माणूस बोलतोय.

तरी घेतलं. महाराजांनी पहिल्याच कीर्तनात मान वळवून विचारलं, "प्रल्हाद, माझा आवाज कुठं गेला रे?" मी त्यांना खरं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आशीर्वादही दिला, आणि पुढची कीर्तनं दुसऱ्याला दिली. गुलाबशेठनं माझा फोटो उतरवला. इतर लाऊडस्पीकरवाल्यांना मी सांगत फिरलो. परळीकडच्या एकानं मशीन उघडून बघितलं आणि वापरणं बंद केलं. बाकीचे म्हणाले, प्रल्हादला नव्या कंपनीनं काहीतरी दिलेलं दिसतंय. त्या तीन मशीनना गिऱ्हाईक होतं. सुमनचा भाऊ म्हणाला, विकून टाका, आपल्याला काय. ती पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मी तिन्हींच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तारेच्या गुंडाळ्या करवतीनं कापल्या. कापताना रडू आलं, हेही सांगून टाकतो.

एवढं करूनही एक काम राहिलंच होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. छावणीत अनुसयाबाई आता वाटपाच्या वेळी मागं उभ्या राहायच्या. पेंड्यांबद्दल बोलणं बंद झालं होतं. कुणी तक्रार केली की चेअरमनची माणसं म्हणायची, "मग या की माईकवर, त्या बाईसारखं." आणि हसायची.

पुढची बैठक भरली. दुपारची वेळ, अडीच-तीनशे माणसं. चेअरमन म्हणाले, "बोल रे, माईक तपास." इतक्या वर्षांत माईकवर लोकांसमोर मी "हॅलो, एक दोन तीन" याच्या पुढं कधी गेलो नव्हतो. मंचावर जायचो ते वायर घेऊन. बोलायला आमच्यासारख्याला कुणी बोलावत नव्हतं. त्या दिवशी मी चार बादल्या पाणी सळईपाशी ओतलं होतं. ते माझ्या घरून, टेम्पोत आणलं होतं. टेस्टर तीनदा लावून बघितला होता. तरी माईक मुठीत घ्यायच्या आधी मी त्याला हाताची मागची बाजू टेकवली. चेअरमन नाराज झाले तर दूध संस्थेचं काम जाणार, त्याच्या मागोमाग कारखान्याचंही जाणार, हेही दिसत होतं.

"हॅलो," मी म्हणालो. कर्ण्यातून माझाच परका आवाज आला. "मागच्या सभेत अनुसयाबाई भ्याल्या न्हवत्या. माझ्या मशीनचा करंट त्यांच्या हातात उतरला व्हता. त्यांचा जीवच गेला असता. मला ते तवाच कळलं व्हतं, अन् मी वायर ढिली झाली म्हून खोटं बोललो. बाई लई धीराच्या हायत. चूक माझी हाय."

चेअरमन ओरडले, "बंद कर ते!" पण बंद करणार कोण? बोर्डाजवळ रहीमभाई बसला होता आणि तो खांबावरच्या कर्ण्याकडे टक लावून बघत होता.

गर्दीतून अनुसयाबाई उठल्या. चालत माझ्यासमोर आल्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी आधी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"करंट व्हता?"

"व्हय मावशी."

"मंग मी भ्याले न्हवते?"

"न्हाई."

त्या माईककडे पाहत राहिल्या. हात पुढं केला आणि मागं घेतला. मी सांगितलं की हे मशीन नवं आहे, जड आहे, मी स्वतः तपासलंय. त्यांनी मान हलवली. "ते मला काय कळतंय? तू धर. मी बोलते."

मी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. त्या पाव तास बोलल्या. पेंडी किती बारीक झाली, आधी गाय किती खायची, आता किती खाते, कोणाच्या ट्रॅक्टरमधून चारा रस्त्यातच उतरतो. आवाज पातळ होता, पण एकेक शब्द शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होता. कुणी हसलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "आता खाली घे की. किती येळ धरतूस?"

दुसऱ्या दिवशी छावणीत तराजू टांगला गेला. चेअरमननं मला कर्णे उतरवून न्यायला सांगितलं. मी आणि रहीमभाई वायरी गुंडाळत होतो, तेव्हा चाऱ्याची रांग लागली होती. अनुसयाबाई पहिल्या होत्या. वाटपवाल्याला त्यांनी बाजूला केलं आणि पेंडी तराजूत स्वतः ठेवली. काटा थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.